आमच्या साडूंची ओरोमो

जगातल्या कुठल्याही भाषेचा पहिला धडा आमच्या साडूंइतका पक्का येणारा माणूस उभ्या आयर्लंडमध्ये सापडायचा नाही, आणि दुसऱ्या धड्याच्या बाबतीत त्यांच्याइतका कमनशिबी माणूसही सापडायचा नाही. भाषा म्हणजे काही फ्रेंच किंवा जर्मन नव्हे. तशी असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो. ओंगार या आमच्या उपनगरातल्या बऱ्याच मराठी घरांत कुणी ना कुणी फ्रेंच शिकायला घेतं आणि पावसाळी कोट कपाटात टाकावा तसं काही दिवसांनी टाकून देतं. आमच्या साडूंनी पंचावन्नाव्या वर्षी शिकायला काढली ती ओरोमो. ही भाषा इथिओपियात बोलतात, कोट्यवधी लोक बोलतात, आणि तरी आमच्या ओळखीत एकाही माणसाने तिचं नाव ऐकलेलं नव्हतं. गणपतीच्या कार्यक्रमात एकाने त्यांना "सध्या काय चाललंय?" असं विचारलं आणि त्यांनी "ओरोमो" एवढंच उत्तर दिलं, तेव्हा त्या भल्या माणसाने आवाज खाली आणून "कुठल्या डॉक्टरांना दाखवलंत?" अशी चौकशी केली होती.

हे असलं काही साडूंच्या हातून होईल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं, कारण मुळात बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हे. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, ती दोन माणसांचं बोलते आणि साडू अर्ध्या माणसाचं, त्यामुळे त्या घराचा गाडा सुरळीत चालतो. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो, पण साडूंशी फोनवर झालेलं सगळ्यात लांब संभाषण गॅस बॉयलर बंद पडला तेव्हाचं आहे. फोन उचलला की ते "बोला" म्हणतात, आपण बोललो की "बरं" म्हणतात, आणि ठेवतात. एकदा मी काहीच काम नसताना फोन केला. "बोला." म्हटलं, काही नाही, सहज. पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की मला रेंज गेल्यासारखं वाटलं. मग ते म्हणाले, "बरं, काम आठवलं की कर." यात अपमान करायचा हेतू नसतो, पुण्यात वाढलेल्या माणसाची ती आपुलकीच असते, फक्त ती ओळखायला सराव लागतो. इथल्या लोकांच्या "हाऊ आर यू" वर तर त्यांचा जुना राग. माणूस समोरून येतो, हाऊ आर यू म्हणतो आणि उत्तराला न थांबता पुढे निघून जातो, हा त्यांना शुद्ध फसवणुकीचा प्रकार वाटे. विचारायचं तर थांबावं, थांबायचं नसेल तर विचारू नये, असं त्यांचं मत होतं, आणि म्हणून ते स्वतः कुणाला काही विचारतच नसत.

दोन वर्षांपूर्वी ते ड्रोहेडाला एका मित्राकडे बारशाला गेले असताना पित्ताशयाने दगा दिला आणि तिथल्याच हॉस्पिटलात त्यांचं तातडीने ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं. पण भुलीतून बाहेर येताना ते नर्सकडे काहीतरी मागू लागले. पुन्हा पुन्हा एकच शब्द, बिशान, बिशान. नर्सला वाटलं हिंदी असेल, म्हणून तिने तिथल्या नागपूरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी नीट ऐकून सांगितलं की हे हिंदी नाही, मराठी नाही आणि वऱ्हाडी तर नाहीच नाही. ताईने घाबरून मला फोन केला. हे काहीतरी भलतंच बोलताहेत, म्हणाली, आणि सारखे बोलताहेत. यातल्या दुसऱ्या भागाने मीही घाबरलो. संध्याकाळी पूर्ण शुद्धीवर आल्यावर साडूंना यातलं काही आठवत नव्हतं. ताईने तो शब्द सांगितला तेव्हा मात्र त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं आणि ते म्हणाले, "पाणी. पाणी मागत होतो मी."

त्यानंतर जे कळलं ते इतक्या वर्षांच्या संसारात ताईलाही अर्धवटच माहीत होतं. साडूंचे आईवडील शिक्षक. त्या काळात आपल्याकडचे कितीतरी शिक्षक इथिओपियाच्या शाळांत शिकवायला जात, तसे हेही गेले होते, पश्चिमेकडच्या वलेगा भागातल्या एका डोंगराळ गावात. साडू तिथेच जन्मले. वडील गणित शिकवायचे, आई इंग्रजी, आणि दिवसभर बाळाला सांभाळायला गावातली एक तरुण बाई होती. तिला साडू आय्यो म्हणत. आय्यो म्हणजे आई. जन्मदात्या आईला ते मराठीतून आई म्हणत आणि तिला तिच्या भाषेतून, त्यामुळे त्यांच्या मते कुठेच काही अडचण नव्हती. मराठी संध्याकाळी शुभंकरोतीपुरती आणि रागावून घेण्यापुरती. बाकी सगळं जग, पाणी, दूध, कोंबड्या, चिखल, ते आय्योच्या पाठीवर बसून तिच्या भाषेत भेटलं. मग त्या देशात उलथापालथ झाली. एके दिवशी सकाळी शहराकडे जाणारा ट्रक मिळाला आणि आईवडिलांनी हाताला लागेल ते सामान भरून गाव सोडलं. आय्यो त्या वेळी बाजाराला गेलेली होती. तिला सांगायला कुणी थांबलं नाही, थांबण्यासारखी परिस्थितीही नव्हती, आणि सात वर्षांच्या मुलाला सांगण्यात आलं की आपण चार दिवसांसाठी चाललोय. पुण्यात आत्याच्या घरी हा मुलगा पाणी मागायचा तेव्हा भावंडं हसायची. मग वडिलांनी ठरवलं, आता फक्त मराठी. वर्षभरात ती भाषा दुधाच्या दातांसारखी एकेक करून पडून गेली, आणि मग तिचं नाव कुणी काढलं नाही.

"मला तिला एवढंच सांगायचंय," हॉस्पिटलातून आल्यावर साडू मला म्हणाले, "की मी आपणहून गेलो नाही. मला न सांगता नेलं. मी तुला शोधत होतो. हे तिच्याच भाषेत सांगायचंय. मध्ये कुणी नको." मी हळूच विचारलं, पण ती असेल का अजून. त्यावर ते म्हणाले, "असेल तर तयारी नको?" आणि दुसऱ्या दिवसापासून ते तयारीला लागले.

तयारी म्हणजे काय, हे आता सांगितलं पाहिजे. मोबाइलवर भाषा शिकवणारी जेवढी ॲप्स त्यांना सापडली तेवढी त्यांनी उतरवून घेतली. त्यातल्या एकात सिनेमातल्या परग्रहावरच्या लोकांसाठी कुणीतरी बसून बनवलेली भाषा होती, पण जिवंत माणसं घराघरात बोलतात ती ओरोमो नव्हती. मग त्यांनी व्हिडिओ शोधले. व्हिडिओ भरपूर होते. एखादा उत्साही तरुण पडद्यावर येऊन हसतमुखाने पहिला धडा घ्यायचा, नमस्कार कसा करावा, ख्यालीखुशाली कशी विचारावी, आणि शेवटी हात हलवून सांगायचा की दुसऱ्या धड्यात भेटू. पुढे त्याचं लग्न व्हायचं, की त्याला नोकरी लागायची, कोण जाणे, पण दुसरा धडा काही यायचा नाही. साडू मग दुसरा तरुण शोधायचे. तोही पहिल्यापासून सुरुवात करायचा. मिनेसोटातले पहिले धडे झाले, मेलबर्नमधले झाले, एका आजोबांनी शेळ्यांच्या पार्श्वभूमीवर घेतलेला झाला. प्रत्येकाच्या खाली साडूंची आदरपूर्वक विचारणा आजही वाचायला मिळते, की दुसरा धडा कधी अपेक्षित आहे. एकाने चार महिन्यांनी उत्तर दिलं. त्याने लिहिलं होतं, लवकरच, आणि खाली पहिल्याच धड्याची लिंक दिली होती.

पुस्तकांचीही तीच तऱ्हा. त्यांच्या लहानपणी ही भाषा तिथल्या शाळेतसुद्धा शिकवत नसत, त्यामुळे घरातल्या जुन्या ट्रंकेत काही मिळण्याची आशा नव्हती. इंटरनेटवर कुठल्याशा पाद्र्याने फार पूर्वी लिहिलेलं एक व्याकरण मिळालं. त्यातली लिपी त्या पाद्र्याने स्वतःच बनवलेली होती आणि उदाहरणादाखलची वाक्यं "राजाचे घोडे थकले आहेत" या थाटाची होती. बाकी मिळाली ती आरोग्याची पत्रकं. परदेशी स्थायिक झालेल्या ओरोमो लोकांसाठी तिथली सरकारं ती छापतात, आणि एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला ओरोमो असल्यामुळे साडूंनी त्यांचा फडशा पाडला. परिणामी काही काळ त्यांची ओरोमो फारच विचित्र आकाराची झाली. त्यांना हात साबणाने स्वच्छ धुवा असं सांगता यायचं, छातीत दुखत असल्यास अंगावर काढू नका असं बजावता यायचं, राजाचे घोडे थकल्याचं कळवता यायचं, पण मी तुला शोधत होतो एवढं म्हणता यायचं नाही. तसलं पत्रक कुठलंच सरकार काढत नाही.

या काळात ताईने जे सोसलं त्याबद्दल तिला खरं तर काहीतरी दिलं पाहिजे. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिवळी चिठ्ठी लागली. दुधावर आन्नान, मिठावर सोगिद्दा, कॉफीच्या डब्यावर बुना. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे सगळे प्रेस म्हणतात, ताईही आता प्रेसच म्हणते. त्या प्रेसला काय म्हणायचं ते साडूंना कुठे मिळालं नाही, म्हणून तिथे त्यांनी कोरी चिठ्ठी लावली, मिळाला शब्द की लिहीन म्हणून. "वर्षभर मी कोरी चिठ्ठी उघडून डाळ काढतेय," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिच्या एप्रनच्या खिळ्यावर एक दिवस हाढा मना अशी चिठ्ठी आली. म्हणजे बायको, पण शब्दशः घराची आई, असं साडूंनी समजावून सांगितल्यावर ती दिवसभर खूश होती. दुसऱ्या दिवशी तिने, हाढा मनाला चहा कोण करून देणार असं विचारलं, तेव्हा साडूंनी तिचा उच्चार दुरुस्त केला. तिकडे कॉफीच्या बिया लोण्यात परततात हे कळल्यावर त्यांनी तोही प्रयोग केला, आणि आगीचा अलार्म वाजून अर्धी गल्ली बाहेर आली.

उच्चारांचा सराव ते मागच्या अंगणात करायचे. त्या भाषेतली काही अक्षरं घशाशी श्वास अडवून फटकन सोडायची असतात. एका शनिवारी सकाळी ते शेडपाशी उभे राहून अशी अक्षरं सोडत असताना पलीकडच्या घरातल्या आयरिश आजी कुंपणावरून हातात पाण्याचा ग्लास घेऊन डोकावल्या. मी तिथेच होतो. "इज युवर मॅन ऑल राइट?" त्यांनी मला विचारलं. कुणाही गृहस्थाला इथे युवर मॅनच म्हणतात. त्यांना वाटलं होतं साडूंच्या घशात काही अडकलंय. साडूंनी त्यांना काय ते सांगितलं. त्यावर आजी म्हणाल्या की शाळेत त्या चौदा वर्षं आयरिश शिकल्या, आता त्यांना त्या भाषेत फक्त बाईंकडे बाथरूमला जायची परवानगी मागता येते, पण तेवढं अगदी ग्रँड येतं. मग थोडं थांबून म्हणाल्या की त्यांची आजी त्यांच्याशी आयरिशमध्येच बोलायची आणि त्या इंग्रजीतून उत्तर द्यायच्या. "शी नेव्हर माइंडेड," त्या म्हणाल्या, "ऑर शी नेव्हर सेड." ग्लास कुंपणावर तसाच राहिला. साडू कुंपणापाशी गेले, आणि मी प्रथमच त्यांना एखाद्या शेजाऱ्याला प्रश्न विचारताना ऐकलं, त्या आजी कशा होत्या म्हणून.

पुढे त्या नागपूरच्या डॉक्टरांनी ड्रोहेडातल्याच एका ओरोमो बाईंची गाठ घालून दिली. बाई एका कंपनीत अकाउंटंट, शिकायला म्हणून इथे आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. दर शनिवारी दुपारी मी साडूंना घेऊन जायचो, कारण मोटरवेवर गाडी चालवणं त्यांना बोलण्याइतकंच नकोसं वाटतं. पहिल्या शनिवारी दार उघडताच त्यांनी डझनभर पहिल्या धड्यांतून घोटलेला नमस्कार एका दमात म्हणून टाकला, आणि बाई उत्तर देणार तोच खिशातून कागद काढून, तर माझं वाक्य असं आहे, म्हणून कामाला सुरुवात केली. बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही दोघे बाहेर, आणि आतून आवाज आला, पुन्हा या.

मग आत बसल्यावर त्यांनी सांगितलं की आमच्याकडे विचारपूस अशी उरकून टाकत नाहीत. रात्र शांततेत गेली का, घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, म्हातारी माणसं, गुरं, शेजारीपाजारी, पाऊस कसा आहे. प्रत्येकाचं उत्तर द्यायचं, नगा, शांतता आहे. मग समोरच्याने तेच सगळं विचारायचं आणि आपण उत्तर द्यायचं. काम त्यानंतर. आधी माणूस पोचू दे, असं त्या म्हणाल्या. साडूंनी विचारलं, आणि बातमी वाईट असली तर? तरीही आधी शांतताच म्हणायची, बाई म्हणाल्या. वाईट बातमी मागून, सगळे नीट बसल्यावर. पुढचे कितीतरी शनिवार साडूंनी आपलं वाक्य खिशातून काढलंच नाही. ते दारात उभे राहायचे आणि बाईंना त्यांच्या गावाकडच्या गुरांची खुशाली विचारायचे. ज्या पहिल्या धड्याला ते वर्षभर कंटाळले होते, तो त्यांना अजून पुरता आलाच नव्हता, असं त्यांनी परतताना गाडीत कबूल केलं.

याची झळ आम्हालाही लागली. एका सकाळी साडूंचा फोन आला, मी सवयीने म्हटलं, बोला. त्यांनी रात्र कशी गेली ते विचारलं. मग माझी बायको कशी आहे, मुलगी कशी आहे, कोल्हापूरचे माझे आईवडील कसे आहेत, शेजारी कसे आहेत आणि शेवटी गुरं कशी आहेत. ओंगारमध्ये माझी गुरं म्हणजे एक जुनी गाडी. म्हटलं, ठीक आहेत, सर्व्हिसिंगला दिली आहेत. "बरं," ते म्हणाले, आणि ठेवला. काम काहीच नव्हतं. बायकोने विचारलं, काय म्हणत होते, आणि माझ्या लक्षात आलं की सगळ्यांचं सगळं विचारून झालं होतं आणि मला ते आवडलं होतं.

खरं सांगायचं तर त्या शनिवारच्या फेऱ्या मला जड जायला हव्या होत्या, पण गेल्या नाहीत. परतताना साडू खिडकीतून बाहेर बघत ओठातल्या ओठात शब्द घोळवायचे आणि मला माझ्या मुलीची आठवण यायची, जी घरात दहा पावलांवर असते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, त्या इथल्या हेलात. जेवलीस का? आय'म ग्रँड, बाबा. तिला सगळं कळतं, कुठेच काही अडत नाही. पण साडूंकडे बघताना मला भीती वाटायची, की ही पंचावन्न वर्षांची होईल तेव्हा कुठल्या गावी कुणाच्या दारात उभी राहून माझी भाषा शिकत असेल, आणि तेव्हा मी नसेन. हे मी साडूंना कधी बोललो नाही. ते म्हणाले असते, काम आठवलं की सांग.

साडूंजवळ एकच फोटो होता. एक बाई, पाठीवर मूल, मूल स्पष्ट आणि बाईचा अर्धा चेहरा चौकटीबाहेर, कारण फोटो वडिलांनी काढलेला आणि त्यांना फक्त मुलाचा हवा होता. ड्रोहेडाच्या बाईंनी तो फोटो आपल्या लोकांकडे पाठवला, सोबत गावाचं नाव, शाळेचं नाव, भारतीय मास्तर. काही आठवड्यांनी उत्तर आलं. आय्यो अजून होती. ऐकायला कमी येत होतं, पण बाकी ठीक होती, आणि तिची नात त्याच गावात शिक्षिका होती. बाईंचा फोन आला तेव्हा मी साडूंच्या घरीच होतो. त्यांनी ऐकून घेतलं, नीट आभार मानले, मागे गेले आणि भुरभुर पावसात लॉन कापायला लागले. ताई दारात उभी राहून बघत होती. तिने त्यांना आत बोलावलं नाही, हे मी तिच्याबद्दल मुद्दाम सांगून ठेवतो.

फोन एका रविवारी सकाळी ठरला. ड्रोहेडाच्या बाई मदतीला यायला तयार होत्या, पण साडूंचं एकच, मध्ये कुणी नको. तिकडे इंटरनेट यथातथाच, चित्र दिसणार नव्हतं, तरी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. नंतर आपल्या चुका तपासता याव्यात म्हणून रेकॉर्डिंग लावलं. इंजिनियर माणूस, ते त्यांना सुचायचंच. फोन स्पीकरवर होता, ताई आणि मी बाजूला बसलो होतो. नातीने फोन आय्योच्या कानाशी धरला, आणि साडूंनी विचारलं, रात्र कशी गेली.

तिने सांगितलं, शांततेत गेली. मग तिने विचारायला सुरुवात केली. मला भाषा येत नव्हती, पण शनिवारच्या फेऱ्यांनी क्रम पाठ झाला होता. तुझी रात्र कशी गेली. नगा. वडील कसे आहेत. साडूंचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. नगा, साडू म्हणाले. आई कशी आहे. नगा. ताईने पदर नसताना पदर शोधला. बायको कशी आहे, मुलं कशी आहेत, गुरं कशी आहेत, पाऊस कसा आहे. पावसापाशी साडू पहिल्यांदा धड्याबाहेरचं काहीतरी बोलले, बहुधा इथला पाऊस थांबतच नाही असं, आणि पलीकडून म्हातारीचं हसू ऐकू आलं. आमच्या घराण्यात सगळ्यात कमी बोलणारा माणूस डोळे मिटून, घाई न करता, एकेकाची खुशाली विचारत होता आणि सांगत होता. सगळं झालं. मग साडूंनी आपलं वाक्य म्हटलं. मध्येच आवाज फुटला म्हणून थांबले, आणि पहिल्यापासून पुन्हा नीट म्हटलं.

त्यावर ती बोलायला लागली. रडली वगैरे नाही, दिवसभरात काय काय झालं ते सांगावं तशी एका सुरात बोलत राहिली, खूप वेळ. साडूंना त्यातलं काही कळत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. ते फक्त मधून मधून हुंकार देत होते. शेवटी नात फोनवर आली आणि तिने इंग्रजीतून विचारलं, आजी काय म्हणाली ते सांगू का.

"नो, थँक यू," साडू म्हणाले. "आय विल लर्न इट."

नाताळात तिकडे जायचं ठरलं, तिकिटंही काढली. पण थंडी सुरू होता होता एका संध्याकाळी नातीचा फोन आला. तिने साडूंना दिवस कसा गेला ते विचारलं. घरचे कसे आहेत, शेजारी, गुरं, पाऊस. साडूंनी सगळ्याची उत्तरं दिली आणि तिच्याकडचं सगळं विचारलं, आणि ती म्हणाली शांतता आहे. ते झाल्यावर मग तिने सांगितलं की आय्यो गेली. "मला तिच्या पहिल्या शब्दालाच कळलं होतं," साडू मला म्हणाले. "तिलाही कळलं असणार की मला कळलंय. पण आम्ही दोघांनी सगळं विचारलं."

आम्हाला वाटलं, आता ओरोमो सुटेल. सुटली नाही. आता त्यांना व्हिडिओ नकोत, पुस्तकं नकोत, दुसऱ्या धड्याची चौकशी नको. ते फक्त ते रेकॉर्डिंग ऐकतात, एक शब्द पकडतात, त्याचा अर्थ लावतात, मग पुढचा. ड्रोहेडाच्या बाई एका बैठकीत सगळं सांगू शकतात, हे त्यांनाही माहीत आहे. मी एकदा तसं सुचवून पाहिलं. "दुसऱ्याने सांगितलं तर ते दुसऱ्याचं बोलणं होईल रे," एवढंच म्हणाले.

परवा दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई कामावर गेली होती, स्वयंपाकघरात ऊन आलं होतं, साडू टेबलाशी बसले होते. कुठवर आलं, मी विचारलं. ते म्हणाले, बरंच पुढे आलंय, पण गेले काही महिने एका जागी थांबलोय. मला वाटलं एखादा शब्द अडला असेल. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि फोन माझ्यापुढे ठेवून रेकॉर्डिंग लावलं. म्हातारीचा तो सावकाश, एका सुरातला आवाज खोलीत आला, आणि साडू तिच्या मागोमाग हलक्या आवाजात मराठीत सांगू लागले. त्या दिवशी सकाळी ती बाजाराला गेली. तू झोपेत होतास, म्हणते. मीठ घेतलं. तुला ऊस आवडायचा, म्हणून ऊस घेतला, चांगला लांब बघून घेतला. ऊन झालं होतं. ऊस खांद्यावर टाकला आणि ती घराकडे निघाली. इथे साडूंनी बोट ठेवून आवाज थांबवला.

मी म्हटलं, पुढे?

"पुढचं येईल मला, प्रयत्न केला तर," साडू म्हणाले. त्यांनी फोन पालथा ठेवला. "पण अजून वाटेतच आहे ती."